आठ आण्यांच्या आत

पटवारीकाकांनी कधीही कुणाला आठ आण्यांच्या वर जाऊ दिलं नाही. पाच, सहा, फार तर साडेसात. एका मुलीला देशातल्या पहिल्या सहा बिझनेस स्कूलांपैकी चारांकडून मुलाखतीची बोलावणी आली होती, चारही मुलाखती झकास झाल्या होत्या, तरी काकांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "साडेसात म्हनू आपन." ती बंगलोरला गेली. जाण्याआधी पेढे घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, साडेसात?" काकांनी पेढा सबंध तोंडात टाकला. "मंग? साडेसात का कमी असते का वं?"

हे आणे आणेवारीतले. काका सरकारदप्तरी तलाठी होते, पण आमच्या वऱ्हाडात त्याला पटवारीच म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दर्यापूरकडच्या काळ्या मातीत काढली. पीक उभं असताना शेतोशेती फिरायचं आणि यंदा सोळा आण्यांपैकी किती आणे पिकलं, तो आकडा लिहायचा, हे त्यांचं एक काम. सोळा म्हणजे भरघोस, आठ म्हणजे निम्मं. सरकार आता पैसेवारी म्हणतं. काका शेवटपर्यंत आणेच म्हणत राहिले. निवृत्तीनंतर ते अमरावतीला रुक्मिणीनगरातल्या घरात येऊन राहिले. वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या शिकणाऱ्या मुलांना भाड्याने, खाली अंगणालगतची एक खोली एखाद्या मुलीला. गल्लीच्या तोंडाशी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता, त्यामुळे भाडेकरू सगळे एकाच दुखण्याचे. आपलं होईल का, हे ते दुखणं. फोनवरच्या ग्रुपात आपापले मार्क टाकून अनोळखी लोकांना हे विचारत बसायचं आणि तिथल्या लोकांनी इंग्रजीतून दोन शब्दांत निकाल देऊन मोकळं व्हायचं, असं दिवसभर चाले. कुणीतरी एकदा चेष्टेत म्हणालं, "काका, आमचीही आणेवारी काढून टाका." काकांना ती चेष्टा वाटली नाही. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि दहावीच्या मार्कांपासून सुरुवात केली. मी त्या खालच्या खोलीत राहायला गेले तेव्हा या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि भाडेकरू नसलेली पोरंही अंगणात चपला काढून रांगेत बसलेली दिसत.

काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, की ते ठेवतच नसत, कोण जाणे. हाक मारायची ती तालुक्याच्या नावाने. "वरूड, मोटर बंद कर, टाकी वाहून राहिली!" "चांदूर, तुह्या बापाचा फोन आल्ता." मी तेल्हारा. पहिल्या दिवशी मी जरा फणकाऱ्यानेच माझं नाव प्रगती आहे असं सांगितलं, तर म्हणाले, "प्रगती नावाच्या छप्पन पोरी सापडतीन गावात. तेल्हारा या घरात एकच हाये." मला ते आवडलं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

कुणी आणेवारीला बसलं की काका आधी अक्कल बघत नसत, कागद बघत. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव. आयुष्यभर दाखल्यांवर सही केलेला माणूस. कागद उजेडाकडे धरून तारीख वाचायचे आणि एखाद्याला सांगायचे, "हा मेला लेकाच्या. मांगच्या वर्षाचा हाये. मुलाखतीले बोलावतीन अन् दारातून परत धाडतीन." मग स्वतः पायात चपला सरकवून त्या पोराबरोबर सेतू केंद्रात जायचे. तिथल्या रांगेत त्यांना बघून आतला बाबू उठून उभा राही. परीक्षेत नव्याण्णव टक्के पोरांच्या पुढे असलेला एक मुलगा या एका कागदापायी अडकला असता, तो काकांमुळे वाचला. तो कुठेही भेटला तरी आधी तेच सांगतो.

सरकार एका हंगामात तीनदा आणेवारी काढतं: नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. काकांचंही तसंच. दिवाळीआधी, परीक्षा व्हायच्या अगोदर, नजरअंदाज. निकाल लागला की सुधारित. मुलाखती संपल्या की अंतिम. नजरअंदाजासाठी ते समोर गणिताचं पुस्तक ठेवत आणि स्वतः मधोमध उघडून देत. पहिली पानं नाहीत, शेवटची नाहीत. "बांधाकडचं पीक पाहू नये," ते म्हणत. "तिथं पानी जास्त लागते, झाडाची सावली पडते, काहीही होते. वावराच्या मधात जावं." त्यांना त्या गणितातलं काडीचं कळत नसे. ते पेन्सिलीकडे बघत बसायचे. माझी दोन पानं सोडवून झाल्यावर मला म्हणाले, "तुले जे येत नाही ना, थे तू जोरात लिवते." मी कागद उलटून पाहिला. चुकलेल्या दोन्ही गणितांची अक्षरं पलीकडच्या बाजूला उमटली होती.

मुलाखतीची तालीमही ते घेत, अंगणातल्या बाजेवर बसून, वऱ्हाडीतून. "इंग्रजी तुमचं तुमी पाहा. मी फक्त खोटं पकडतो." माझी दहावी चांगली, इंजिनिअरिंग बरं, मधल्या बारावीचे मार्क मात्र पडलेले. या मुलाखतींत तो खड्डा कुणीतरी विचारणारच. क्लासने शिकवलेलं उत्तर मी घडाघडा म्हटलं, की त्या वर्षी मी आजारी होते.

"कोनता आजार?"

"टायफॉइड."

"कोन्या डाक्टरकडे?"

काका नुसते बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, "काका, मले केमिस्ट्री समजत नव्हती. अन् सरले विचाराची लाज वाटे. पहिल्या बाकावर बसून मी वर्षभर मान हलवत राहिली."

"हेच सांग," ते म्हणाले. "हे कोनी बनवू शकत नाही."

मी तेच सांगितलं, खऱ्या मुलाखतीत, मोडक्या इंग्रजीत. समोरच्या तिघांपैकी मधल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं आणि हसून म्हणाले, की आमच्याकडे येऊन तरी विचाराल ना? ते वाक्य मी किती दिवस उशाशी घेऊन झोपले, ते माझं मला ठाऊक.

काकांचा सगळा दस्तऐवज जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर होता. एक पान म्हणजे एक पोर. तालुका, मार्क, परीक्षेतला टक्का, बोलावणी कुठून आली, प्रतीक्षा यादीत नंबर कितवा होता, यादी कितीपर्यंत सरकली, शेवटी काय झालं. सगळं बारीक, सरळ, पटवारी अक्षरात. फोनवरच्या ग्रुपातले दीडशहाणे जे छातीठोक सांगत ते ऐकीव असे. काकांकडे होती ती त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेली माणसं. म्हणून त्यांचा अंदाज चांगला असे. खरं तर फार चांगला असे. हे मी आज म्हणते आहे, तेव्हा मला फक्त त्यांचा तोंडाने सांगितलेला आकडा माहीत होता.

तो इतका कमी का असतो, हे मी त्यांना एकदा विचारलं. काकू आत भाकरी थापत होत्या, काका सुपात तुरीची डाळ निवडत होते. म्हणाले, की नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका गावात त्यांनी खरं लिहिलं. पीक बरं दिसत होतं, त्यांनी नऊ लिहिले. आजूबाजूच्या गावांतल्या पटवाऱ्यांनी सहा-सात लिहिले. आकडा आठच्या आत असला तर गावाला सवलत: सारा माफ, शाळेतल्या पोरांची परीक्षा फी माफ. आठच्या वर गेला की काहीच नाही. काकांचं गाव तेवढं कोरडं राहिलं. "खरं लिवलं अन् गाव माह्यापायी नागवलं. पारावरून जात होतो त मानसं बोलनं बंद करत. तवापासून हात खालीच. कमी लिवल्यानं कोनी मरत नाही, तेल्हारा." डाळीतला खडा काढून त्यांनी अंगणात फेकला. मला तेव्हा ते बोलणं फार थोर वाटलं.

आता मला त्यातली गोम दिसते. कमी सांगणारा कधी पकडला जात नाही. ज्याचं झालं तो पेढे घेऊन येतो, काका तुम्ही पाचच म्हणाला होता, असं म्हणून हसतो, आणि काकांचा चेहरा उजळतो. ज्याचं झालं नाही तो म्हणतो, काकांनी आधीच सांगितलं होतं म्हणून सावरलो. दोन्हीकडून काकाच बरोबर. तिसरा एक असतो. तो आकडा ऐकून वाटेतूनच परत फिरतो. तो पेढेही आणत नाही आणि आभारही मानत नाही. त्याचं पान कॅलेंडरात अर्धं राहतं.

तर माझ्याकडे एकच वर्ष होतं. इंजिनिअरिंग झाल्यावर बाबांनी ते दिलं होतं, आणि दुसरं मागायची सोय नव्हती, कारण धाकट्याचं बारावीचं वर्ष संपत होतं. बाबा कधी बोलले नाहीत, पण मला कळत होतं. मला तेल्हारा सोडायचं होतं असं नाही. मला अशा एका ठिकाणी जायचं होतं जिथे पहिल्या बाकावर बसून न समजलेलं विचारता येतं. ती मुलाखत झाली तेव्हा मला वाटलं, असं ठिकाण मी पाहून आले. दक्षिणेतली ती संस्था. बाकी कुठून काही आलं नाही, तिथूनही आली ती प्रतीक्षा यादी. आमच्या प्रवर्गात माझा नंबर एकेचाळीस. वरच्या मजल्यावरच्या वरूडचा त्याच यादीत बावन्न.

ही यादी म्हणजे काय चीज असते, ते भोगल्याशिवाय कळत नाही. दर शुक्रवारी ती सरकते किंवा सरकत नाही. मी शुक्रवारची वाट न बघता रोज बघायची, तासातासाला बघायची. मे महिना, कूलर घरघरतोय, मी खोलीचं दार लावून फोन समोर उभा करून बसलेली. बाबांचा रोज फोन: "काय म्हनते यादी?" मी म्हणायची, सरकली थोडी. कधी सरकलेली असे, कधी नसे. जेवण जाईना. काकू ताट वाढून झाकून ठेवत आणि संध्याकाळी ते तसंच परत उचलत. एकदा मी अंगणात चक्कर येऊन बाजेच्या कडेवर आपटले. भुवईवर अजून खूण आहे.

त्यात अकोल्यातल्या एका कॉलेजात माझं नाव लागलं. कॉलेज आहे आपलं, इमारत आहे, कॅन्टीन आहे, प्राचार्यांच्या केबिनीबाहेर प्लास्टिकची फुलं आहेत. त्यांची अट अशी, की मूळ कागदपत्रं जमा करा आणि दुसऱ्या कुठल्याही प्रतीक्षा यादीत नाव नाही असं लिहून द्या. मुदत चार दिवसांची. मी काकांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "काका, अंतिम सांगा."

काकांनी कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. बराच वेळ पानं उलटली. गेल्या किती वर्षांत कुणाचा नंबर किती होता आणि यादी कुठवर गेली, ते बोट ठेवून ठेवून पाहिलं. मधे एकदा त्यांनी वर बघून माझ्या भुवईवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग गठ्ठा बांधला.

"अडीच आने."

"अडीच?"

"अडीच. काढून टाक नाव, तेल्हारा. अकोल्याचं पक्कं हाये, थे धर. रोज उठून त्या फोनात पाहन्यात जीव जाऊन राहिला तुहा."

मी त्यांच्यासमोरच यादीतून नाव काढलं. दोन वेळा विचारतात तिथे, नक्की का म्हणून. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. काकूंनी वरणभात आणला, मी तो सगळा खाल्ला आणि भर दुपारी आडवी झाले ती संध्याकाळी दिवेलागणीला उठले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला झोप लागली होती. त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

जुलैत वरूडचा फोन आला. मी अकोल्याला कॉलेजात होते, तास सुरू व्हायचा होता. "तेल्हारा, मायं झालं! यादी साठच्या वर गेली!" तो ओरडत होता. "तुयं त कवाचंच झालं असन ना? कोनतं हॉस्टेल भेटलं तुले?" मी त्याला सांगितलं. मग तो हळूच म्हणाला, "अडीच म्हनाले म्हून नाव काढलं तू?"

"तुले किती म्हनाले होते?"

"मले दीड म्हनाले. पन काकांचं दुप्पट धराचं असते ना वं. वर सगळ्यांले मालूम हाये. पहिल्याच दिवशी सांगतात एकमेकाले. तुले कोनी सांगतलं नाही?"

मला कोण सांगणार? मी खालच्या खोलीत राहत होते. वरच्या चार खोल्यांत जे आल्याआल्या सगळ्यांना कळत होतं, ते जिना उतरून माझ्यापर्यंत कधी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले आणि तशीच रुक्मिणीनगरात गेले. काका बाजेवर होते. त्यांना वरूडकडून कळलं होतं. मला बघून ते उठून उभे राहिले. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी उभा राहिला, हेच मला सहन झालं नाही. मी बसले नाही. म्हटलं, "काका, खरा आकडा किती होता?"

ते म्हणाले, "नऊ."

"नऊ होते, तर अडीच कावून सांगतले?"

"तू जेवत नव्हती," काका म्हणाले. "मले वाटलं, नऊ म्हनलं त ही पोरगी दोन महिने अशीच बसन फोनासमोर. अन् मंग नाही झालं त? अडीच म्हनलं त उठन, जेवन."

मी म्हटलं, "मी तुमच्यासमोर नाव काढलं. तुमच्या डोळ्यांसमोर."

त्यावर काका जे बोलले ते त्यांनी कुणाच्याही समोर कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "तहसिलात माहा आकडा गेला का साहेब त्यात आपले दोन-चार आने घालत. सगळ्यांले मालूम राहे, हा पटवारी कमी लिवते म्हून. वरचे पोरंही घालतात. नाव काढ म्हनलं मी, पन मायं बोलनं कोनी जसंच्या तसं धरन, हे मले मालूम नव्हतं, बाई. तू बटन दाबलं तवा मले समजलं. पन मंग तू जेवाले बसली. मले उठवलं नाही गेलं तुले."

दारात काकू उभ्या होत्या. त्या चहा ठेवते म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि निघाले. मला सर्वांत जास्त कशाचा राग आला असेल, तर याचा, की त्या घरात येणाऱ्या इतक्या पोरांपैकी त्यांच्यावर पुरता विश्वास टाकणारी मी एकटीच होते, आणि भोगायचं ते मीच. जे त्यांच्याकडे निम्म्या विश्वासाने बघत होते, ते सगळे तरले.

अकोल्याचं एमबीए मी पूर्ण केलं. आता इथेच एका बियाण्याच्या कंपनीत आहे. विक्रेत्यांना फोन करते, किती पाकिटं गेली ते विचारते, संध्याकाळी घरी येते. बाबा म्हणतात, नोकरी चांगली आहे, घराजवळ आहे. ते खोटं नाही. पण एखाद्या बैठकीत काही समजलं नाही की मी अजूनही मान हलवते, आणि मग स्वतःचीच इतकी चीड येते की हातातलं पेन मोडावंसं वाटतं. माझ्या आयुष्यात त्या यादीच्या अलीकडचं सगळं आहे, पलीकडचं काहीच नाही. लोक म्हणतात, अशाने कुणाचं आयुष्य संपत नाही. संपत नाहीच, चालू राहतं. मला तेच तर जड जातं.

काकांनी त्या वर्षापासून आणेवारी बंद केली. हे मला काकूंच्या फोनवरून कळलं. त्या सणावाराला फोन करत राहिल्या; काका कधी बोलायला आले नाहीत. तीन वर्षांनी कंपनीच्या कामाला अमरावतीला गेले होते, तेव्हा मन घट्ट करून त्यांच्या घरी गेले. काका फार वाळले होते. तेवढ्यात फाटकाशी दोन मुलं आली. त्यांना कुणीतरी पत्ता दिला होता. एकाने मार्कांचा कागद पुढे केला. काकांनी तो हातात घेतला, सवयीने उजेडाकडे धरला, मग न वाचताच परत दिला. "मले नाही समजत त्यातलं, बापा. कोनीतरी चुकीचं सांगतलं तुमाले." मुलं गेली. मी समोर बसले होते, त्यामुळे काकांना माझ्याकडे बघता येईना. ऊन फार आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हो, अकोल्याला याहून जास्त आहे. निघताना त्यांनी मला हाक मारली, "प्रगती." एवढी वर्षं माझं नाव त्यांच्या लक्षात होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेल्हारा म्हणायचा हक्क आता आपला राहिला नाही, असं त्यांना वाटलं असावं. मला वळून म्हणायचं होतं, की काका, तेल्हारा म्हणा. मी फाटकाची कडी लावली आणि रिक्षा थांबवली.

त्यानंतर भेट झाली नाही. यंदा संक्रांतीच्या सुमाराला ते गेले. एका सकाळी अंघोळीला पाणी काढायला सांगितलं आणि काकू बादली भरेपर्यंत संपलं होतं.

तेरवीला मी गेले. अंगणात मांडव, सतरंज्या, आणि पोरं कुठून कुठून आलेली. पुण्याहून, हैदराबादहून, एक तर सिंगापूरहून. कुणाचे केस गेलेले, कुणाच्या कडेवर लेकरू. मला वाटलं होतं रडारड असेल, पण पंगतीला बसल्यावर एकाने विषय काढला आणि मग ते थांबेनात. "मला चार म्हणाले होते." "मला साडेतीन, आणि मी त्याच आठवड्यात सिलेक्ट!" बंगलोरवाली ती मुलगी, आता केवढी मोठी बाई झाली आहे, तिने काकांसारखी हनुवटी खाजवून "साडेसात म्हनू आपन" करून दाखवलं, आणि तिचेच डोळे भरून आले. वरूड माझ्या समोरच्या पंगतीत होता. तो हसत नव्हता. तो खाली मान घालून पत्रावळीवरचा भात नुसता चिवडत होता.

फिरत फिरत ते माझ्यावर आलं. बंगलोरवालीने मला कोपराने हलवलं. "आणि तुला किती सांगितले होते गं काकांनी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागे काकू पाण्याचा जग घेऊन वाढत येत होत्या, त्या थांबल्या.

"मला?" मी म्हटलं. "मी कधी विचारलंच नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, "घाबरून गेली असतीस." आणि सगळे पुन्हा हसले. काकूंनी माझ्या पेल्यात पाणी ओतलं. पेला भरून सतरंजीवर सांडलं तरी त्यांचा हात थांबेना, तेव्हा मी त्यांच्या मनगटाला धरलं. त्या अंगणात त्या दिवशी काकांवर कुणाचाही राग नव्हता. माझाही नव्हता, असं मला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं.